कॅनडात शिकणाऱ्या मुलामुलींचं लग्न: मुहूर्त काढण्याआधी पीआरच्या अर्जाचा टप्पा बघा

कॅनडात शिकणाऱ्या मुलाचं किंवा मुलीचं लग्न झालं म्हणून स्टडी परमिटला काही होत नाही. परमिट रद्द होत नाही, त्याची मुदतही वाढत नाही. अगदी कॅनडाच्या नागरिकाशी लग्न लावलं तरी त्या दिवसापासून आपोआप काही हातात पडत नाही. लग्नाचा खरा परिणाम होतो तो पुढे, कायम वास्तव्याच्या म्हणजे पीआरच्या अर्जावर. लग्नाची तारीख त्या अर्जाच्या कोणत्या टप्प्यावर येते, यावर तिथे बरंच काही ठरतं.

आपल्याकडे तारीख काढताना मुलाला रजा गणपतीत मिळते की मे महिन्यात, तुळशीचं लग्न लागल्यावर पहिला मुहूर्त कोणता, मुंबईचे चाकरमानी गावी कधी येणार, हॉल मोकळा आहे का, हे बघितलं जातं. ते बघायलाच हवं. त्याच्या जोडीला अर्ज कुठवर आलाय हेही विचारा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडातल्या घरांत हा प्रश्न बहुतेक वेळा पत्रिका छापून झाल्यावर निघतो आणि तोवर उशीर झालेला असतो.

कायद्याने लग्न कधी झालं?

साखरपुडा म्हणजे लग्न नव्हे. तो झाला असला तरी फॉर्मवर ‘अविवाहित’ लिहिणं खरंच आहे. पण ‘आत्ता रजिस्टर करून ठेवू, विधी मे महिन्यात करू’ असं ठरवून विशेष विवाह कायदा, १९५४ खाली सही केली, तर लग्न त्याच दिवशी झालं. हळद लागली नसली, अक्षता पडल्या नसल्या तरी त्या दिवसापासून प्रत्येक फॉर्मवर ‘विवाहित’ असंच लिहायला हवं. ‘घरच्यांच्या दृष्टीने अजून लग्न झालेलं नाही’ हे कारण कॅनडाचं इमिग्रेशन खातं, म्हणजे आयआरसीसी, ऐकून घेत नाही.

विधीपूर्वक लग्न करून नंतर ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत नोंद केली, तर लग्नाची तारीख विधीची धरतात, नोंदणीची नाही. दाखल्यावर दोन्ही तारखा येतात. फॉर्म भरताना त्यांची गल्लत करू नका.

कोकणी मुसलमान कुटुंबांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर झालेला निकाह २०१५ पासून कॅनडाच्या इमिग्रेशनसाठी मान्य नाही. निकाहाच्या वेळी नवरा-नवरी दोघंही समोरासमोर हजर असायला हवीत. निकाहनामा उर्दूत असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं.

आणि हे घरच्यांना सांगायला मुलं बिचकतात: टोरांटोत किंवा ब्रॅम्प्टनमध्ये दोघं सलग १२ महिने जोडप्यासारखी एकत्र राहिली, तर कॅनडा त्यांना ‘कॉमन-लॉ’ जोडीदार मानतो. फॉर्मवर तेही लिहावं लागतं. नुसते खोलीसोबती असतील तर हा नियम लागू होत नाही.

पहिलं लग्न मोडलेलं असेल तर कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूमनामा लागतो. पंचांसमोर स्टँप पेपरवर लिहून घेतलेल्या फारकतीच्या भरवशावर दुसरं लग्न लावून अर्ज भरू नका. पहिलं लग्न कायद्याने संपलेलं नसेल, तर दुसऱ्या लग्नावर उभा असलेला सगळा अर्जच कोसळतो.

लग्न कोणत्या टप्प्यावर येतंय?

*शिक्षण चालू असताना.* इथे प्रश्न असतो तो जोडीदाराला सोबत नेण्याचा. पूर्वी विद्यार्थ्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला ओपन वर्क परमिट, म्हणजे कुठल्याही मालकाकडे नोकरी करायचा परवाना, सहज मिळायचं. २१ जानेवारी २०२५ पासून ते किमान १६ महिन्यांच्या मास्टर्सला, डॉक्टरेटला किंवा ठरावीक व्यावसायिक अभ्यासक्रमांना असलेल्या विद्यार्थ्यांच्या जोडीदारांनाच मिळतं. आपल्याकडून गेलेली पुष्कळ मुलं कॉलेजच्या डिप्लोमाला असतात. त्यांच्या जोडीदाराला या वाटेने परमिट नाही. व्हिजिटर व्हिसावर जाता येईल, पण नोकरी करता येणार नाही. दोघांच्या कमाईवर घरभाड्याचं गणित मांडलं असेल तर ते आधीच तपासा.

*शिक्षणानंतर नोकरी करताना.* पोस्ट ग्रॅज्युएशन वर्क परमिट, म्हणजे पीजीडब्ल्यूपी, जास्तीत जास्त ३ वर्षांचं असतं. या काळात जोडीदाराला ओपन वर्क परमिट मिळू शकतं, पण अट आहे. कॅनडा नोकऱ्यांच्या ‘टीअर’ नावाच्या श्रेणी पाडतो. मुलाची नोकरी टीअर ० किंवा १ या वरच्या श्रेणीतली हवी, किंवा टीअर २-३ मधल्या सरकारने ठरवून दिलेल्या व्यवसायांतली. शिवाय त्याच्या परमिटची किमान १६ महिन्यांची मुदत बाकी हवी. म्हणजे ३ वर्षांचं परमिट असेल तर पहिल्या २० महिन्यांत लग्न, नोंदणी आणि जोडीदाराचा अर्ज हे सगळं उरकायला हवं. ‘आधी नीट स्थिरस्थावर होऊ दे, मग बघू’ म्हणत घरचे दोन वर्षं थांबतात तेव्हा ही वाट बंद झालेली असते. मुलगा दुकानात किंवा गोदामात काम करत असेल तर ही सोय मुळातच नाही, हेही मुलीकडच्यांना मोकळेपणाने सांगावं.

*एक्सप्रेस एन्ट्रीत, म्हणजे गुणांवर पीआरसाठी निवड करणाऱ्या पद्धतीत, प्रोफाइल टाकलंय, अर्ज करायचं बोलावणं यायचंय.* लग्न झाल्याबरोबर प्रोफाइल बदलावं लागतं आणि गुण नव्याने मोजले जातात. याचा हिशेब पुढे दिला आहे.

*बोलावणं म्हणजे आयटीए आलंय, अर्ज भरायचाय.* यासाठी ६० दिवस मिळतात. मला सगळ्यांत नाजूक वाटतो तो हाच काळ. बोलावणं आलं तेव्हाचे गुण अर्ज पोहोचतो त्या दिवशीही टिकायला लागतात. मधल्या काळात लग्न होऊन गुण त्या निवड फेरीच्या किमान गुणांखाली गेले, तर अर्ज नामंजूर होतो आणि भरलेली फी वाया जाते. गुण अगदी काठावर असतील तर या ६० दिवसांत लग्न नको. आधी अर्ज पूर्ण भरून पाठवा.

*अर्ज दाखल झालाय, निकाल यायचाय.* आता लग्न झाल्याने गुणांना धक्का लागत नाही. पण लगेच आयआरसीसीला वेब फॉर्मवरून कळवायचं, लग्नाचा दाखला जोडायचा, जोडीदाराचे फॉर्म भरायचे आणि तो सोबत येणार की नाही ते सांगायचं. सोबत येणार असेल तर त्याची फी भरायची. अर्ज थोडा लांबतो, पण दोघांचं एकाच अर्जात होतं. गुण काठावर असलेल्या मुलांसाठी लग्नाला सगळ्यांत सोयीचा काळ हाच.

*मंजुरी आलीय, लँडिंग व्हायचंय.* लोक सर्वांत जास्त इथे फसतात. मंजुरीची मेल आली की घरी पेढे वाटले जातात आणि महिनाभरात लग्नाचा बार उडतो. पण लँडिंगची, म्हणजे पीआर म्हणून नोंद होण्याची, प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत माणूस पीआर झालेला नसतो. त्याआधी लग्न झालं आणि कळवलं नाही, तर ती खोटी माहिती ठरते. लँडिंगआधी लग्न केलंत तर थांबा, कळवा, जोडीदाराला अर्जात घाला. नाहीतर लँडिंग होऊ द्या आणि त्यानंतरचा मुहूर्त धरा.

*पीआर झाल्यावर.* मग जोडीदाराला स्पॉन्सर करायचं. ती वेगळी, लांबची पण सरळ वाट आहे. पीआर असलेल्याने त्या काळात कॅनडातच राहायला हवं. जोडीदारासाठी सहसा किमान उत्पन्नाची अट नाही. मात्र जोडीदार पीआर झाल्यापासून ३ वर्षं त्याच्या खर्चाची हमी घ्यावी लागते आणि मधे घटस्फोट झाला तरी ती सुटत नाही. क्युबेक प्रांताचे नियम वेगळे आहेत.

बायको लपवली तर

हे स्वतंत्रपणे लिहितोय, कारण ‘आत्ता अविवाहितच दाखव, पीआर झाली की बोलावून घे’ हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. पीआरच्या अर्जात ज्या जोडीदाराचं नाव नव्हतं आणि ज्याची तपासणी झाली नव्हती, त्याला नंतर फॅमिली क्लासमधून, म्हणजे कुटुंबीयांसाठीच्या वाटेने, स्पॉन्सर करता येत नाही. शिवाय खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर ५ वर्षांची बंदी येते. चार-दोन गुणांसाठी मुलगी वर्षानुवर्षं माहेरी बसते आणि तिचा यात काडीचाही दोष नसतो. असं कुणी सुचवलं तर तिथल्या तिथे नाही म्हणा.

जोडीदार सोबत येणार नसला तरी त्याचं नाव अर्जात घालावंच लागतं. त्याची वैद्यकीय तपासणी आणि पोलीस क्लिअरन्सही लागतं. त्यामुळे पुढे बोलावून घेण्याचा हक्क शाबूत राहतो.

गुणांचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. वय २६, कॅनडातलं मास्टर्स, इंग्रजीच्या चारही भागांत सीएलबी ९ (सीएलबी म्हणजे कॅनडाची भाषेची पातळी मोजायची पट्टी), कॅनडातला १ वर्षाचा अनुभव.

अविवाहित असताना वयाचे ११०, शिक्षणाचे १३५, इंग्रजीचे १२४ आणि अनुभवाचे ४०, असे ४०९ गुण.

विवाहित आणि जोडीदार सोबत येणार असेल तर त्याच गोष्टींचे १००, १२६, ११६ आणि ३५, म्हणजे ३७७.

३२ गुण गेले. पण हे गुण जोडीदार भरून काढू शकतो आणि घरच्यांना नेमकं तेच माहीत नसतं. जोडीदाराकडे ३ वर्षांची पदवी असेल तर ८ गुण, इंग्रजीच्या चारही भागांत सीएलबी ९ असेल तर २० गुण. एकूण २८ परत, तोटा उरला फक्त ४ गुणांचा. सीएलबी ७ असेल तर इंग्रजीचे १२ आणि पदवीचे ८ धरून २० परत येतात. परीक्षाच दिली नाही आणि पदवीचं मूल्यांकन केलं नाही, तर शून्य.

आयईएल्टीएस जनरलमध्ये सीएलबी ९ म्हणजे ऐकण्यात ८ आणि वाचन, लेखन, बोलणं या तिन्हींत ७. सीएलबी ७ म्हणजे सगळीकडे ६. मराठी माध्यमातून शिकून बीकॉम, बीएस्सी झालेल्या मुलीला सहा-आठ महिने मन लावून अभ्यास केला तर ६ मिळवणं अवघड नाही, असं मला वाटतं. परीक्षेसाठी लग्न होण्याची वाट बघायची गरज नाही. निकाल २ वर्षं चालतो. साखरपुडा झाला की क्लास लावा.

पदवीच्या मूल्यांकनाला वेस किंवा तशा मान्यताप्राप्त संस्थेकडे कागद जातात आणि त्यासाठी विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट लागतात. आपल्या तिन्ही जिल्ह्यांतली बहुतेक कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. ट्रान्स्क्रिप्टचं काम रेंगाळतं, म्हणून तेही साखरपुड्यानंतर लगेच सुरू करा. मूल्यांकन ५ वर्षं चालतं.

जोडीदार सोबत येणार नसेल, किंवा तो आधीच कॅनडाचा नागरिक वा पीआर असेल, तर गुण अविवाहितासारखेच मोजतात. काही जण म्हणून ‘सोबत येणार नाही’ असं लिहून पूर्ण गुण घेतात आणि पीआर झाल्यावर स्पॉन्सर करतात. हे नियमात बसतं, पण खरं असेल तरच. बायको आधीच त्याच्यासोबत कॅनडात राहत असताना असं लिहिलं तर अधिकारी प्रश्न विचारतात. आणि स्पॉन्सरशिपचा वेळ म्हणजे आणखी एक मोठी ताटातूट, हेही धरून चाला.

गावातली कागदपत्रं: रजा संपायच्या आत

महाराष्ट्रात लग्नाची नोंद १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली होते. गावात ग्रामसेवकाकडे, शहरात नगरपरिषदेत. त्यासाठी ९० दिवस असतात, नंतर विलंब शुल्क लागतं. पण या ९० दिवसांवर विसंबू नका. सह्या करायला वर-वधू दोघं लागतात आणि मुलगा तीन आठवड्यांत परत जाणार असतो. लग्नाआधीच ग्रामपंचायतीत जाऊन नोंदणीचा फॉर्म, म्हणजे नमुना ‘ड’, घ्या, तीन साक्षीदार कोण ते ठरवा, भटजींची सही लग्नाच्या दिवशीच घेऊन टाका. वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, लग्नपत्रिका आणि फोटो लागतात. दाखला नमुना ‘ई’ मध्ये मिळतो. मूळ प्रती दोन-तीन मागून घ्या.

कमी रजेत विशेष विवाह कायद्याची वाट धरू नका. नोटीस देण्याआधी दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य लागतं आणि नोटिशीनंतर आणखी ३० दिवस थांबावं लागतं.

दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं शपथपत्र जोडावं लागतं. भाषांतर घरच्या माणसाने केलेलं चालत नाही. मामा इंग्रजीचे प्राध्यापक असले तरी नाही, कारण मामा, काका, चुलत-मावस भावंडं सगळी त्या नियमात येतात.

नावं

आपल्याकडे लग्नानंतर मुलीचं मधलं नाव आणि आडनाव, दोन्ही बदलतात. काही घरांत तांदळाच्या ताटात लिहून पहिलं नावही बदलतात. भर म्हणजे कोकणात एकाच घराण्याची दोन आडनावं असतात: शाळेच्या दाखल्यावर मूळ आडनाव, आधारवर गावावरून आलेलं. कॅनडातला अधिकारी हे सगळं वेगवेगळ्या माणसांचं समजू शकतो.

माझा स्पष्ट सल्ला असा: पीआरचं काम पूर्ण होईपर्यंत मुलीने पासपोर्टवरचं माहेरचं नाव तसंच ठेवावं. नाव बदललं नाही म्हणून लग्न अमान्य होत नाही. विवाह नोंदणीतही वधूचं लग्नाआधीचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळतंय का ते सही करण्याआधी वाचा. नाव बदलायचंच असेल तर आधी राजपत्र, मग पासपोर्ट, मग आधार आणि बँक या क्रमाने जा आणि अर्धवट सोडू नका. जी जी नावं कधी वापरली ती सगळी फॉर्ममधल्या ‘इतर नावं’ या रकान्यात लिहा.

पत्त्यांचंही तसंच. पीआरच्या फॉर्ममध्ये मागच्या १० वर्षांचा तपशील खंड न ठेवता द्यावा लागतो. बारावीपर्यंत गावी, मग काकांकडे डोंबिवलीला, मग पुण्यात हॉस्टेल, पुन्हा गावी असं असेल तर महिन्यांसकट लिहा.

लग्न खरं आहे हे दाखवणं

लग्न फक्त इमिग्रेशनसाठी केलेलं आहे असं अधिकाऱ्याला वाटलं तर तो अर्ज नाकारू शकतो. ठरवून केलेल्या लग्नाला कॅनडाची काही हरकत नाही. अडचण येते ती न समजावल्यामुळे. दोनदा भेट, मग लग्न, पंधरा दिवसांत नवरा परत: आपल्याला यात वावगं काही दिसत नाही, बाहेरच्या माणसाला दिसतं. म्हणून स्थळ कुणी आणलं, दोन्ही घरांची ओळख किती जुनी, पत्रिका कधी दाखवली, बघण्याचा कार्यक्रम कुठे झाला, साखरपुड्यापासून लग्नापर्यंत दोघं कसं बोलत होती, हे दोन पानांत सरळ लिहून काढा.

पुरावे साखरपुड्यापासून जमवायला लागा. लग्नपत्रिका, हॉलची आणि केटररची पावती, हळदीचे, पुण्याहवाचनाचे आणि जेवणाच्या पंक्तीचे फोटो. नुसते स्टुडिओतले दोघांचेच फोटो देऊ नका. दोन्हीकडचे आईवडील, आजी, शेजारपाजारी दिसतील असे द्या आणि मागे नावं, नातं, तारीख लिहा. चॅटचे थोडे थोडे भाग दर महिन्याचे द्या, शेकडो पानं नकोत. विमानाची तिकिटं, पासपोर्टवरचे शिक्के, एकमेकांना पाठवलेले पैसे हेही जोडा. स्पॉन्सरशिपमध्ये दोघांना नात्याची प्रश्नावली भरावी लागते. ती दोघांनी फोनवर बसून एकत्र वाचा. भेटीची तारीख त्याने गणपतीतली लिहिली आणि तिने दिवाळीतली, तर तेवढ्यावरून संशय येतो.

मुंबईच्या फेऱ्या

वैद्यकीय तपासणी आयआरसीसीने नेमलेल्या पॅनेल डॉक्टरकडेच होते, जिल्हा रुग्णालयाचं प्रमाणपत्र चालत नाही. बायोमेट्रिक्ससाठी, म्हणजे बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला, मुंबईतल्या व्हीएफएस या व्हिसा अर्ज केंद्रात जावं लागतं आणि पत्र आल्यापासून ३० दिवसांत ते द्यायचं असतं. पावसाळ्यात रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, दरड कोसळते, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतं.

दुसऱ्या देशांचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२४ पासून पीएचडी आणि संशोधनाधारित पदव्युत्तर अभ्यासक्रम सोडले तर बहुतेक विद्यार्थ्यांना जोडीदार नेता येत नाही. अमेरिकेत एफ-१ विद्यार्थ्याचा जोडीदार एफ-२ वर जातो आणि त्याला नोकरीची परवानगी नसते. ऑस्ट्रेलियात स्टुडंट व्हिसाच्या अर्जात जोडीदार लिहिला नाही तर त्याला मागाहून बोलावणं अवघड होतं.

मुलीकडच्यांनी काय विचारावं

(मुलगी कॅनडात आणि मुलगा इथे असेल तर उलट वाचा.) ‘मुलगा कॅनडात सेटल आहे’ एवढ्यावर थांबू नका. त्याच्याकडे आज नेमकं काय आहे: स्टडी परमिट, पीजीडब्ल्यूपी की पीआर कार्ड? त्यावरची शेवटची तारीख कोणती? नोकरी कोणत्या पदावर, म्हणजे मुलीला वर्क परमिट मिळेल का? अर्ज भरला असेल तर त्यात आमच्या मुलीचं नाव कधी घालणार? हे विचारण्यात मानापमानाचं काही नाही. कुंडली मागतो तसा परमिटचा फोटो मागा.

मुलीलाही तिचे हक्क माहीत हवेत. तिचा पासपोर्ट आणि परमिट तिच्याच ताब्यात राहायला हवेत आणि परमिटची मुदत तिने स्वतः लक्षात ठेवायला हवी. स्पॉन्सर होऊन पीआर मिळाल्यावर नवऱ्यासोबत दोन वर्षं राहिलंच पाहिजे ही जुनी अट कॅनडाने २०१७ मध्ये काढून टाकली आहे. तेव्हा ‘मी तुझी पीआर रद्द करीन’ या धमकीला ती घाबरली नाही तरी चालेल. पीआर मिळण्याआधी छळ झाला तर कौटुंबिक हिंसाचार सोसणाऱ्यांसाठी तात्पुरत्या परवान्याची सोय आहे आणि पहिल्या परवान्याला फी लागत नाही.

पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जाचं काम करणारा माणूस तिथला परवानाधारक वकील किंवा नोंदणीकृत सल्लागार असायला हवा. सल्लागाराचा आरसीआयसी क्रमांक मागून घ्या आणि कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या वेबसाइटवरच्या यादीत तो स्वतः तपासा. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली तर तिथून उठा. अर्ज कुणीही भरला तरी त्यातल्या प्रत्येक ओळीला तुमच्या मुलालाच जबाबदार धरतात, म्हणून पाठवण्याआधी पूर्ण अर्जाची प्रत मागून नवरा-बायको दोघांनी वाचून घ्यावी.